उद्या गुरुजी वाचणार

गुरुजी : अगं, पण हे असं चारचौघांत वाचायचं कसं? अर्ध्या शब्दांना काना नाही, वेलांट्या तर बेपत्ताच. माझी सख्खी नात, म्हणून जास्तच लाज वाटते.

बाई : पहिलीतली पोर आहे, गुरुजी. कानाला ऐकू येतं तसं लिहिते. वाचता वाचता काना-वेलांटी जागेवर येते. पण आत्ताच खोडत बसलं, तर मूल लिहायचंच सोडून देतं.

गुरुजी : उभा जन्म शुद्धलेखन शिकवण्यात गेला माझा. मला नको शिकवूस.

बाई : ठाऊक आहे. तुमच्याच हाताखाली शिकले मी.

गुरुजी : मग ऐक की जरा. उद्याच्या पालकसभेत तिच्या आईला वाचू दे.

बाई : आमच्या वर्गाची रीत आहे. मूल ज्याचं नाव घेईल त्यानंच उभं राहून वाचायचं, जसंच्या तसं. तिनं तुमचं नाव घेतलं. आजोबांना सगळं वाचता येतं, म्हणाली.

गुरुजी : काय लिहिलंय, ते बघितलंस ना?

बाई : पाठ आहे मला. ‘आजोबा माझं पान लाल करतात. मी रडले की मला ढ म्हणतात. म्हणून मी घरी लिहीत नाही.’

गुरुजी : तिच्या भल्यासाठीच केलं ना.

बाई : माझ्याही भल्यासाठीच असेल. आई गेली तेव्हा तिच्यावर चार ओळी लिहिल्या होत्या मी. तुम्ही मला टेबलावर चढवून त्या वाचायला लावल्यात, चुकांसकट. वर्ग पोट धरून हसला. तुम्हीसुद्धा.

गुरुजी : मला नाही आठवत.

बाई : मारणारा विसरतो, गुरुजी. मार खाणारा नाही विसरत.

गुरुजी : म्हणजे इतकी वर्षं डूख धरून बसलीस?

बाई : बसले. तुमची नात माझ्या वर्गात आली, तेव्हा म्हटलं, देव पावला.

गुरुजी : रीत तूच पाडलीस. मनात आणलंस तर मला सोडवशील.

बाई : आणलं तर.

(गुरुजी कागद उचलतात. बराच वेळ चष्मा पुसत राहतात.)

गुरुजी : आणि मी आलोच नाही तर?

बाई : तर ती दाराकडे बघत बसेल. दुसरं कुणी चालायचं नाही तिला. हट्टीपणात तुमच्यावर गेलीय.

गुरुजी : येईन. पण खरं सांग. मला तसं उभं राहिलेलं बघून तुला बरं वाटेल?

बाई : हो, गुरुजी. खूप बरं वाटेल.