एसएलआर, इन्सास आन् पावणेतीन किलो

तुम्हाले सांगतो, माझ्या लग्नापासून आमच्या घरी एकच भांडण चालू आहे: रायफल कोणती चांगली, एसएलआर का इन्सास? माझे बाबा आन् सासरे, म्हणजे दोघं इवाई, दोघंही रिटायर फौजी. बाबांनी जन्मभर जुनी एसएलआर वागवली, सासऱ्यांनी तिच्यानंतर आलेली इन्सास.

परवा धंतोलीतल्या दवाखान्यात बायकोची डिलिव्हरी होती. मी घामाघूम, आन् हे दोघं बाकड्यावर तेच उगाळून राहिले.

बाबा म्हणे, "इवाई, रायफल कशी वजनदार पाहिजे. तुमची तर खेळणं वाटते."

सासरे म्हणे, "ते वजन घेऊन पहाड चढा, मग समजते."

तेवढ्यात नर्स पोरीले घेऊन आली. "पावणेतीन किलो. कोणते आजोबा घेता आधी?"

दोघंही दोन-दोन पावलं मागं!

सासरे म्हणे, "तुम्ही घ्या, तुम्हाले वजनाची सवय आहे."

बाबांनी दोन्ही हात पाठीमागं नेले. "नाही गा इवाई, तुम्हीच घ्या. तुम्हाले हलक्याची सवय आहे."

माझ्या आईनं हातातला जेवणाचा डबा बाबांकडं देला, नातीले छातीशी घेतलं आन् म्हणाली, "हा तरी झेपते का पाहा. दोघं मिळून धरा."