खो मिळेपर्यंत बसायचं

माहे बाबा अमरावतीकडचे, रेल्वेच्या नोकरीनं रायपूरले आले अन् इथलेच झाले, मी इथंच जन्मली, म्हणून माही मराठी अशी अर्धी हिंदी, समजून घ्या. शाळेपासून खो-खो खेळली. राज्याच्या संघाची निवड तोंडावर आली अन् डावी पोटरी दुखाले लागली, काय सांगू तुम्हाले, कोणी आतून तार ओढून राहिला असं.

मंग घरी पायाचीच सेवा सुरू. आई तिळाच्या तेलानं चोळे, पाऱ्यातली, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातली दीदी गरम विटेचा शेक दे, अन् आमचे खो-खोचे सर म्हणत नस आखडली, रोज वाकून अंगठे पकड. मी जिद्दीची, सर सांगत त्याच्या दुप्पट वाके, अन् दुखणंही दुप्पट होये. पायाचा एक्सरे साफ निघाला तं सोबतच्या पोट्ट्या म्हणाल्या, नाटक करते, निवडीले घाबरली. मले असा राग आला, पण खेळ सोडते म्हटलं नाही.

त्यातच महालक्ष्म्या आल्या. दिवसभर मी पंगती वाढल्या, पातेली घेऊन धावली, पाय चूप. शेवटच्या पंगतीत पाटावर बसली, वरणभात कालवला की पोटरीत कळ. उठलीच मी. आई म्हणे, पानावरून उठू नये पोरी. मी म्हटलं, आई थांब, धावली तवा दुखत नाही अन् बसली की दुखते, हे काय पायाचं दुखणं आहे?

हेच मी डॉक्टरले सांगतलं. खो-खोत पाठलागवाल्या पोट्ट्या रांगेत वाकून बसतात, खो मिळेपर्यंत, तिथंच मले सर्वात जास्त दुखे. डॉक्टरनं मले उताणं झोपवून पाय सरळ वर उचलला तं कमरेपासून टाचेपर्यंत करंट गेला. मशीनीत पाठीचा फोटो काढला, मणक्यामधली गादी सरकून नस दाबून राहिली होती. मी म्हटलं, पण कंबर तं माही कधीच दुखली नाही. ते म्हणे, नस दबते वरती अन् ओरडते खाली, हे वाकणं आजपासून बंद.

निवड हुकली. लय रडली मी. पण पाठीचे, पोटाचे व्यायाम सोडले नाही, अन् पुढच्या बारीले संघात आलीच. लोक म्हणतात खो-खो धावायचा खेळ, मले तं बसणं पुन्हा शिका लागलं.

आता नव्या रायपूरले दफ्तरात नोकरीले जाते, संध्याकाळी पोट्ट्यांले शिकवते. कोणी पाय धरला की पहिले विचारते, बसल्यावर दुखते का धावल्यावर. यंदाच्या महालक्ष्म्यांत पंगतीत बसली, ताकापर्यंत उठली नाही. देव करो, सर्वायच्या पाठी ताठ राहोत. तुम्ही केव्हाचे माही गोष्ट वाकून लिहून राहिले भैया, उठा, चाला जरा.