पडद्यामागचे डावे हात

...आणि वर मलाच विचारतात, 'मास्तरीणबाई, तुम्ही दोन्ही हात कशाला वर केले?' अहो, कशाला म्हणजे? दचकले! माणसानं दचकू नये का? तुम्हाला सांगते, मांजर शिंकलं तरी मी दचकते. इथं तर त्या तंबू-सिनेमावाल्या मच्छिंद्रानं माझ्या कानाशी फिलिम काढायच्या यंत्राचा दांडा फिरवला, कर्रर्रर्र... मला धस्स झालं आणि गेले हात वर! दोन्ही!

पण थांबा, जरा मागून सांगते. औरंगाबादला इंटर झाले आणि इथं जालन्यात, मस्तगडाजवळच्या मुलींच्या शाळेत लागले. घरी ठरलेलंच होतं, शाळा आहे तोवर नोकरी, शाळा गेली की लग्न, आणि तेही एका गुळाच्या आडत्याशी, ज्याची शिंक म्हणे स्टेशनापर्यंत ऐकू जाते! मी जगेन का हो त्या घरात?

आणि नेमका त्याच शाळेच्या जागेवर जिनिंगवाल्या आबारावांचा डोळा. त्यांना तिथं कापसाच्या गठाणी ठेवायच्या. पण जागा दान देणाऱ्या म्हातारीची अट अशी, की पेठेतल्या बायका हो म्हणतील तरच शाळा हलवायची. झालं! आबारावांनी बायकांची सभाच बोलावली. 'हे पाहा, तुमची मर्जी ती आमची मर्जी! उजवा हात वर म्हंजे जागा द्या, डावा म्हंजे न्हाई. अन् मच्छिंद्र फिलिम काढील, तहसीलदारसायबाला दाखवाया. बिलकुल खरंखुरं!'

कळली का लबाडी? प्रसाद घ्यायला डावा हात चालत नाही, पान वाढायला चालत नाही, मग चारचौघांत, मोठ्या माणसांसमोर डावा हात कोण वर करील? माझ्या डोळ्यांपुढं आडत्या नाक फेंदारून उभा! एवढ्यात आमच्या पेठेतल्या द्वारकाबाई उठल्या, सत्तरीच्या, नाकात ही एवढी नथ. म्हणाल्या, 'लेकराचं ढुंगण धुवाया ह्यो हात चालतो, मंग न्हाई म्हणाया काहून चालत न्हाई?' आणि डावा हात वर! त्यासरशी सगळ्या सभेचे डावे हात वर! आबारावांचं तोंड सरकी काढलेल्या कापसासारखं पांढरंफटक. आणि त्याच क्षणी ते कर्रर्र... आणि मी. दोन्ही. आबाराव म्हणाले, 'ह्या बाईचं मत बाद.' जाऊ दे, म्हटलं, शाळा तर वाचली!

वाचली कुठली? आता तंबूतल्या सिनेमाची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. मधे कापड, पुढं पुरुष, मागं बायका. मागून सगळं उलटं दिसतं. आम्हा बायकांना सगळे शूर सरदार डावखुरेच माहीत! तर फिलिम धुऊन आली त्या संध्याकाळी तहसीलदारसाहेब पुढं खुर्चीवर, आम्ही मागं सतरंजीवर, आणि पडद्यावर आमची सभा. डावे हात! डावेच डावे! आम्ही टाळ्या पिटल्या. द्वारकाबाई मला कोपर मारतात, 'पोरी, माही नथ पाह्यली का? कशी झकास दिसून राह्यली!'

नथ पाहिली. डाव्या नाकपुडीत. आणि मला धस्स झालं! अहो, मागून आम्हाला उलटं दिसतं ना? मग नथ आज बरोबर जागी कशी? इकडं सरळ, तर तिकडं...

तिकडं पुढून मच्छिंद्र भोंग्यातून ओरडतोय, 'पाहा हुजूर! मायबहिणींनी उजवे हात वर करून जागा देऊन टाकली!'

फीत पालथी घातली होती मेल्यानं!

मी धावले, कनातीतून तोंड काढलं आणि किंचाळले, 'साहेब, नथी बघा! नथी उजव्या नाकपुडीत आहेत!' तर पुढची समस्त पुरुषमंडळी शरमेनं मान खाली घालून बसली. परस्त्रीच्या नाकाकडं कसं बघायचं? आबाराव म्हणाले, 'छे छे! आम्ही खानदानी माणसं!' मी म्हटलं, 'मग साहेब, इकडून येऊन बघा, इकडून खरं दिसतं!' साहेबांनी कानांना हात लावले. 'जनान्यात? तौबा तौबा!' म्हणजे बघा, जिथून खरं दिसतं तिथं साहेबांना यायची चोरी, आणि जिथं साहेब बसतात तिथून... साहेबांनी एवढंच विचारलं, 'वो दोनों हाथवाली कौन है? डाका पडा क्या उसपे?'

जागा गेली. गठाणी आल्या. आडत्याकडून निरोपही आला, मुलगी कधी बघायची? पण द्वारकाबाईंनी मच्छिंद्राला भर बाजारात गाठलं. 'का रे, दिवसा तंबू मोकळाच असतो न्हं? शाळा तिथं भरील. न्हाई म्हणशील तर जालन्यातली एक बाई तुह्या सिनेमाला फिरकायची न्हाई. अन् बायका न्हाई आल्या तर त्यांचे नवरे बी येत न्हाईत, बराबर?' बराबर!

तेव्हापासून शाळा तंबूत भरते. पडद्यामागं. आडत्या तूर्त स्टेशनाकडंच शिंकतोय.

काल वर्गात विचारलं, 'उत्तर कुणाला येतं? हात वर!' तर सगळ्या पोरींनी दोन्ही हात वर केले. म्हटलं, 'अगं, हे काय?' तर पुढची एक चिमुरडी म्हणते, 'बाई, कोन्या बी बाजूनं पाह्यलं तरी सारखंच दिसाया पाह्यजे न्हं!'

धस्ससुद्धा झालं नाही हो. मीही केले वर. दोन्ही.