लंडनच्या स्टेशनात धुऱ्यावरची हाक

मी हरवलो होतो, हे गावात कोणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगतो. लंडनच्या स्टेशनात लेकीची अन् माझी चुकामूक झाली. फोन तिच्या पिशवीत, पाट्या सगळ्या इंग्रजीत आणि माझी शाळा चौथीपर्यंतची. मी खांबाला धरून उभा राहिलो.

तेवढ्यात लेकीची हाक आली, “ओ बाबाऽऽ, इकडे याऽऽ!”

तिची माय मारेगावच्या वावरात धुऱ्यावर, बांधावर उभी राहून मला जेवायला बोलवायची, अगदी तशी, तोंडाला हात लावून. कोट घातलेली इंजिनीअर बाई, पण आवाज चोरला नाही. अख्खं स्टेशन थबकलं.

मी जवळ जाऊन दटावलं, “काहून ओरडून राह्यली वं? लोकं पाहून राह्यले.”

“पाहू द्या नं. त्यायचा बाप थोडी हरवला होता.”