उत्तरेच्या खोलीतलं ऊन

(सकाळ. एका शिल्पकाराची राहती खोली. तो जाऊन तीन वर्षं झाली. त्याची बायको भिंतीशेजारच्या खुर्चीत चहा घेऊन बसली आहे. तीस वर्षं ज्याने त्याची शिल्पं घडवून दिली, तो पत्राकाम करणारा मिस्त्री भिंतीलगतच्या पत्र्याच्या शिल्पापाशी उभा.)

वहिनी : थांबा मिस्त्री. काय केलंत तुम्ही आत्ता?

मिस्त्री : काही नाही. पत्रा भिंतीपासून हातभर पुढे ओढला. गोणपाटात गुंडाळायला मागे जागा नको का?

वहिनी : मग माझं ऊन कुठे गेलं?

मिस्त्री : कसलं ऊन, वहिनी?

वहिनी : ह्या भिंतीवरचं. बावीस वर्षं इथे बसून सकाळचा चहा पितेय मी. आत्ता होतं, आत्ता गेलं.

मिस्त्री : ढग आला असेल.

वहिनी : तुम्हाला खोटं बोलता येत नाही. कान लाल होतात तुमचे.

मिस्त्री : वहिनी, ही खोली उत्तरेची. इथे ऊन येणार कुठून?

वहिनी : समोरच्या घरावरून. त्यांची भिंत पिवळी आहे ना, तिच्यावरून उलटून येतं.

मिस्त्री : ती भिंत राखाडी करून नऊ वर्षं झाली.

वहिनी : हो की. तेव्हा आलं होतं मनात, भिंत बदलली तरी ऊन तेच कसं. पण म्हटलं, मिळतंय ना, मग चौकशी कशाला. तुम्ही बोला.

मिस्त्री : दादांनी शपथ घातली होती.

वहिनी : ते गेले, त्यांच्याबरोबर शपथही गेली.

मिस्त्री : शपथ अशी जाते होय?

वहिनी : अहो, दुपारी संग्रहालयाची गाडी येतेय. पत्रा तिकडे जाणार आणि मी ह्या अंधाऱ्या कोपऱ्यात बसणार. आता नाही सांगणार तर कधी?

मिस्त्री : पत्रा समोरून पांढरा आहे. मागच्या अंगाला रंग आहे. खिडकीतला उजेड चार बोटांच्या फटीत शिरतो, रंगावर आपटतो आणि भिंतीवर उतरतो. रंग कुणाला दिसत नाही. दिसतो तो उजेड.

वहिनी : आणि हे मला माहीत नाही. माझ्याच घरात.

मिस्त्री : तुम्ही कधी मागे डोकावला नाहीत.

वहिनी : डोकावू देत होते का? हात लावू नकोस, डाग पडतील. पुसायचं तर स्वतः पुसणार. ते गेल्यावर पुसायला तुम्ही हजर. मला वाटायचं, काय बाई ह्या पत्र्याचे लाड. लोक यायचे, समोर उभे राहून मान डोलवायचे. मी विचारलं होतं ह्यांना, यात बघायचं काय? तर म्हणाले, पत्रा बघूच नकोस. मी म्हटलं, बरं झालं, सुटले.

मिस्त्री : खरंच सांगत होते ते.

वहिनी : कुठला रंग आहे?

मिस्त्री : नाव नाही त्याला. एकवीस वेळा दिला, एकवीस वेळा खरवडला. शेवटी मी कंटाळून म्हटलं, दादा, जी बाजू भिंतीकडे तोंड करून उभी राहणार, तिच्यासाठी एवढा छळ? तर म्हणाले, मिस्त्री, रंगाकडे नका बघू, भिंतीकडे बघा. हातात एक पुठ्ठा असायचा. त्याच्यावर पेन्सिलीने वेळा लिहिलेल्या. सव्वासात, साडेसात, पावणेआठ. आणि प्रत्येक वेळेपुढे रंगाचा एक फटकारा.

वहिनी : कुठल्या वेळा?

मिस्त्री : तुमच्या माहेरच्या. स्वयंपाकघरात, पाण्याच्या पिंपाशेजारी जी भिंत होती, तिच्यावर सकाळी ऊन यायचं म्हणे.

वहिनी : पिंपाशेजारी मी वेणी घालायला बसायचे. आई मागे, मी पुढे.

मिस्त्री : मला एवढंच सांगितलं, की ही इथे ऊन नाही म्हणून एकदाच बोलली होती. परत कधी बोलली नाही.

वहिनी : थांबा. माहेरचं घर पाडायच्या आदल्या आठवड्यात तिथे गेले होते ना ते? माझा पाय प्लास्टरमध्ये. मला म्हणाले, कामाला चाललोय. नंतर भावाने सांगितलं, दाजी आले होते, दोन दिवस स्वयंपाकघरात भिंतीकडे बघत बसले, चहा गार करून टाकला. मी पंधरा दिवस बोलले नाही त्यांच्याशी.

मिस्त्री : माहीत आहे. ते पंधरा दिवस ते माझ्याकडे जेवत होते.

वहिनी : माझं घर मला शेवटचं बघता आलं नाही, आणि हा माणूस एकटा बघून आला, वर काही सांगितलंही नाही. मनात ठेवलं होतं मी ते. आजपर्यंत ठेवलं होतं.

मिस्त्री : मी म्हटलं होतं त्यांना, सांगून टाका, घरात शांतता होईल. तर म्हणाले, सांगितलं की ती रंग बघेल. मग ऊन दिसायचं नाही तिला.

वहिनी : असंच बोलायचे. सरळ कधी नाही. शेवटी दवाखान्यातसुद्धा मला विचारलं, कोपऱ्यात बसतेस ना सकाळी? मी म्हटलं, तुम्ही इथे, मी कसली बसतेय. रागावले होते.

मिस्त्री : वहिनी, चहा गार होतोय.

वहिनी : होऊ दे. संग्रहालयात खिडकीशी ठेवणार का हो हा?

मिस्त्री : मी जाऊन आलो परवा. खिडक्या बुजवल्यात तिथल्या. वरून दिवे, चारी बाजूंनी. भिंत पांढरीच राहणार. लोकांना दिसेल एक पत्रा.

वहिनी : हे परवा माहीत होतं आणि आज गुंडाळायला निघालात?

मिस्त्री : तुम्ही सही केली होती. ताईंनी सगळं ठरवलं होतं. मी कोण मधे बोलणार? म्हणून तर सकाळपासून दोरीच सोडवत बसलोय.

वहिनी : मुलीला मी सांगते. ती चिडेल, बापावर गेली आहे, पण ऐकेल. त्या लोकांना म्हणावं, दारातला ह्यांचाच तो काळा ठोकळा न्या. येता-जाता ठेच लागते त्याची. आणि हा मी गेल्यावर न्या.

मिस्त्री : तसं लिहून द्यावं लागेल.

वहिनी : देईन. आधी तो होता तिथे ठेवा.

मिस्त्री : चार बोटं. माझीच बोटं होती मापाला. पण वहिनी, आता पुढे ओढलाच आहे, तर मागे येऊन एकदा रंग बघून घ्या. परत संधी नाही यायची.

वहिनी : नको.

मिस्त्री : एवढी वर्षं झाली. आता कसली शपथ?

वहिनी : शपथेचं नाही हो. सरकवा तुम्ही. पावणेआठ व्हायला आलेत.