बारावा राक्षस

...आणि वरून मलेच इचारते, ‘काहो, लोकं घरात देव मांडतात, तुम्ही राक्षस काऊन मांडून राह्यले?’ आता ह्या बाईले काय सांगावं! बाई म्हणजे आमची वर्षाली, माह्यी बायको. लग्नाले अठरा वर्षं झाली, अठरा वर्षांपासून हाच प्रश्न! तुम्हाले सांगतो, मी हेमराज, आर्वीले डेपोच्या मांगं बांगड्या-टिकल्यांचं दुकान, व्यसन म्हणाल तं सुपारीचंबी नाई, एकच शौक... जुनी खेळणी. आपल्या लहानपणी ते प्लास्टिकचे पहेलवान नाई का यायचे, हातपाय वळणारे, डब्यावर ‘वज्रदल’ लिहिलेलं? त्यातले व्हिलन. फक्त व्हिलन! हिरो मी घरात घेत नाई. हिरो तं कोणीबी जमवते!

खोटं वाटते? मंग आयका. वज्रदलात हिरो होते सात, अन् साचा किती? एक! तेच थोबाड, तेच दंड, तोंडावर तोच शहाणपणा, चड्डीचा रंग बदलला का झाला नवा हिरो! कंपनीवाल्यायनं मेहनत घेतली ती व्हिलनवर. एकाले वटवाघळाचे पंख, एकाच्या पोटात दात, एकाचं मुंडकं गरकन फिरवलं का मागून दुसरंच मुंडकं... अरे, हिरोत आहे का काही फिरवाले? पण पोट्टे सारे हिरोच मांगत, दुकानदार हिरोच आणत, म्हणून व्हिलन निघाले कमी, अन् म्हणूनच आज शोधू शोधू भेटत नाई. तरी अकरा जमवले मी! भंगारवाल्याकडून, जत्रेतून, मामेभावाच्या माळ्यावरून... राह्यला कोण? बारावा. जहरासुर!

जहरासुर! नुसतं नाव घेतलं तरी अंगावर काटा येते. हिरवं थोबाड, तीन शिंगं, कपाळात एकच डोळा, पाठीवरचं बटन दाबलं का जबडा उघडते... खट्! शोकेसात त्याची जागा मी सहा वर्षं रिकामी ठेवली अन् वर्षालीनं तिथी सहा वर्षं मोबाइलचं चार्जर ठेवलं. त्यात तो नागपूरचा सचिन. त्याच्याजवळ सातही हिरो, डबासुद्धा न उघडलेले. दर रविवारी फोन, ‘हेमराजभाऊ, बारावा भेटला का? नाई ना? मंग अधुरंच राह्यलं म्हणा!’ असं गोड बोलते, असं गोड बोलते, का फोनच चावून टाकावा वाटते!

तं झालं असं, चतुर्थीले आम्ही गेलतो केळझरले, गणपतीच्या दर्शनाले. दर्शन झालं, टेकडी उतरलो, गल्लीत एका नव्या घराचं बांधकाम चालू, अन् त्याच्या कॉलमले, खाली डोकं वर पाय... लिंबू, मिरच्या, फाटकी चप्पल, अन् मधात... हिरवं थोबाड! तीन शिंगं! मी तं रस्त्यातच बसलो. वर्षाली म्हणे, ‘काय झालं, चक्कर आली का?’ म्हटलं, ‘दर्शन झालं वो, दर्शन!’ म्हणे, ‘ते तं वर झालं.’

घरमालकीण रुख्माबाई. साठीच्या पुढची बाई, पदर खोचलेला, हातात पाइप, नव्या भिंतीवर पाणी मारून राह्यली. म्हटलं, ‘मावशी, ते बाहुलं मले देता का? मांगान ते देतो.’ ‘नाई,’ म्हणे. बस! पाइप चालूच. ‘अवो पण मावशी...’ ‘भाऊ, माह्या मोठ्या पोराचं खेळणं ते. भयंकर दिसते म्हणून नजरेसाठी टांगलं. माह्या जेठाच्या घरचा स्लॅब दोनदा गळला, माह्या घरी एक थेंब नाई गळला. पैशानं का नजर उतरते?’ मी काही तिथून हललो नाई. मंग तिनंच पाइप बाजूले ठेवला, मले खालून वरपर्यंत पाह्यलं, अन् म्हणे, ‘याच्याहून भयंकर आणून दे, अन् हे नेजो.’

एवढंच ना? दुसऱ्याच दिवशी दोन बशी बदलून पुन्हा केळझर! बाजारातला काळा राक्षसाचा मुखवटा नेला, जीभ बाहेर, हा असा मोठा. बाई हसली. ‘भाऊ, हे तं साऱ्या गावात टांगलं आहे. नजरेलेबी याची सवय झाली. येते, याले राम राम करते अन् खुशाल घरात घुसते!’

मंग मी काय केलं... सांगाले शरम वाटते... एक हिरो घेतला. हो, मी! हिरो! त्याच्या तोंडाले डांबर फासलं, केस जाळले, अन् नेला. बाईनं उलटा केला, सुलटा केला, म्हणे, ‘डांबर फासलं तरी जवाईबापूच दिसते. याले पाह्याले तं नजर शेजारच्या गावावरून येईन!’ खरं सांगतो, त्या घडीले बाईच्या पाया पडावं वाटलं. सचिनले आयकवाले पाह्यजे होतं. हिरो तं कोणीबी जमवते, पण घर राखाले कोणी टांगते का?

आता उरला एकच रस्ता. माह्या अकरांतला एक द्यायचा. अकरांतला! रात्रभर... नाई, रात्रीचं जाऊ द्या, सकाळी ठरवलं, दिला तं दिला. वर्षालीनं अकराही जण एका मोठ्या फडक्यात बांधून देल्ले अन् सोबतबी आली, म्हणे, ‘तुम्ही तिथी रडान, कोणी तं पाह्यजे.’

रुख्माबाईनं रेतीच्या ढिगावर साऱ्यायले ओळीनं बसवलं. मले वाटलं पंखवाला जाते, का पोटात दातवाला जाते! अन् बाई काय म्हणते? ‘हा बिचारा उपाशी दिसते. याची दाढ दुखत असन. हा तं माह्या व्याह्यावर गेला, भांडणं होतीन.’ एक करता करता अकरा नापास! माह्ये अकरा! एकीकडे जीवात जीव आला का वाचले, अन् दुसरीकडे जीव गेला का जहरासुर हातचा गेला. मी खाली मान घालून एकेकाले गोळा करून राह्यलो, तं बाईनं ते बांधलेलं फडकं उचललं अन् झटकलं.

फडकं कायचं? फ्लेक्स! मागच्या वर्षी दोस्तायनं माह्या वाढदिवसाचं डेपोसमोर लावलेलं. हा एवढा माह्या चेहरा, काळा गॉगल, गालाले केक, अन् एक बोट वर. बाई फ्लेक्सकडे पाहे, मंग दोन पावलं मांगं सरे, पुन्हा पाहे. ‘अवो, हा कोण?’ वर्षाली पदरात तोंड घालून म्हणे, ‘हेच आहेत ते.’ बाईनं मले पाह्यलं, फ्लेक्स पाह्यलं, अन् दोन्ही हात जोडले. ‘हाच पाह्यजे!’

अरे, पाह्यजे तं घ्या! अपमान-बिपमान नंतर! जहरासुर उतरला, माह्या हातात आला, ऊन-पाणी खाऊन रंग उडालेला, पाठीवर चुन्याचे डाग... डोळे मिटून बटन दाबलं. खट्! जबडा उघडला! रडलो मी, खोटं काऊन सांगू? रेतीवर बसून ढसाढसा रडलो. बारा! पुरे बारा! अख्ख्या नागपूर-वर्ध्यात कोणाजवळ नाई! सचिन स्वतः आर्वीले आला, शोकेसासमोर उभा राह्यला, चहा थंडा झाला तरी उचलला नाई. शेवटी बारीक आवाजात, ‘भाऊ, एक द्या, सातही हिरो घेऊन जा.’ सहा वर्षं वाट पाह्यली होती या वाक्याची! म्हटलं, ‘सचिनभाऊ, चहा घ्या. हिरो तं कोणीबी जमवते!’

आता तिकडे केळझरले मी उलटा टांगला आहो, मिरच्यांच्या मधात. घर अजून गळलं नाई, म्हणते. परवा रुख्माबाईचा फोन, ‘भाऊ, व्याह्याच्या वावरात रानडुकरं लय येऊन राह्यली, तुह्या एक उभा फोटो पाठवजो.’ वर्षाली लगेच मोबाइल घेऊन समोर. मी आपला केस बसवून, गॉगल लावून उभा राह्यलो, तं म्हणे, ‘गॉगल काढा. बिनगॉगलचं जास्त काम करन.’

काढला, भाऊ. काय करता!