गौरव्वामावशीच्या वेबसाइटचं नाव

वेबसाइटचा विषय निघालाच आहे, तर आमच्या गौरव्वामावशीचं सांगतो. सोलापुरात तिचा शेंगाचटणीचा धंदा. वेबसाइट मीच केलेली, तिच्याच नावानं. एका सल्लागाराला ते नाव गावठी वाटलं, म्हणून आम्ही नवं इंग्रजी नाव घेतलं आणि मी जुनं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी मावशीनं मोबाइलवर जुनाच पत्ता उघडला.

"हितं काय लिवलंय?"

"पान सापडत नाही."

"म्हंजी मी मेले असं लोकास्नी सांगालायस की."

मी ओशाळलो. "एक नियम टाकतो, मावशी. तुझ्या नावानं आलेलं गिऱ्हाईक आपोआप नव्या नावाकडं जाईल."

तिनं शेंगदाणे कुटणं थांबवलं. "का म्हणून? चटणी माजी हाय. त्या नव्या नावालाच माज्याकडं धाड."

सल्लागाराला न विचारता मी नियम उलटा लिहिला.